मेनू छापण्याआधी बांधावर जा : नाशकात स्थानिक मालावर रेस्टॉरंट चालवायचं असेल तर

नाशिकला मुंबईची परसबाग म्हणतात. गंमत अशी की या परसबागेतला चांगला माल नाशकातल्याच हॉटेलांना सगळ्यात शेवटी मिळतो. दिंडोरी रोडच्या बाजार समितीत संध्याकाळी भाजीचे लिलाव होतात, रात्री गाड्या कसारा घाट उतरतात आणि पहाटे माल मुंबईत पोचलेला असतो. आपला हॉटेलवाला सकाळी किरकोळ बाजारात उरलंसुरलं उचलतो, सोबत पनीर आणि फ्रोझन मटारची पिशवी घेतो आणि पाटीवर लिहितो, ‘फार्म टू टेबल’.

ज्यांना हे खरोखर करायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी गंगापूर रोडच्या बाजूला चाळीसेक खुर्च्यांचं रेस्टॉरंट चालवते. पुढचे आकडे त्याच मापाच्या जागेचे समजा. जागा मोठी असेल तर गणित बदलेल, क्रम तोच राहील. बहुतेक लोक आधी जागा घेतात, मग आचारी शोधतात, मग मेनू छापतात आणि शेवटी माल कुठून आणायचा याचा विचार करतात. स्थानिक मालावर चालायचं असेल तर हा क्रम बरोबर उलटा हवा.

१. आधी वर्षाचं पीकपाणी कागदावर मांडा

बारा महिन्यांचा एक तक्ता करा. कोणत्या महिन्यात कोणत्या तालुक्यात काय निघतं, ते त्यात भरा. हे काम इंटरनेटवर होत नाही. बाजार समितीत चार संध्याकाळी उभं राहिलात की निम्मा तक्ता भरतो. ढोबळमानाने तो असा दिसेल :

पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, वेलभाज्या भरपूर असतात : दोडका, कारली, गिलके, दुधी, काकडी. पालेभाज्या मात्र झडीत सडतात आणि कोथिंबिरीचा भाव डोळे पांढरे करतो. याच दिवसांत पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून रानभाज्या येतात. टोमॅटोचा मोठा हंगाम ऑगस्टपासून सुरू होतो आणि दिवाळीनंतरही काही काळ चालतो.

ऑक्टोबर ते जानेवारी हा आपला सुगीचा काळ. फ्लॉवर, कोबी, मेथी, वांगी, ओला हरभरा, सगळंच स्वस्त आणि चांगलं. इगतपुरीकडचा नवा तांदूळ आणि डोंगरपट्ट्यातली नवी नागली, म्हणजे नाचणी, याच सुमाराला हाती येते. सिन्नर-येवल्याची बाजरीही.

जानेवारी ते एप्रिल द्राक्षं. सुरगाण्याच्या बाजूची स्ट्रॉबेरी थंडीत सुरू होऊन मार्चपर्यंत मिळते. बागलाण, देवळा, मालेगावकडून डाळिंब येतं. उन्हाळ्यात गवार, भेंडी, कलिंगड, कैरी आणि मे महिन्यात त्र्यंबकच्या डोंगरातली करवंदं. पालेभाजीची मात्र ओढाताण.

कांद्याला तक्त्यात वेगळी ओळ द्या. लाल कांदा साधारण नोव्हेंबरपासून येतो, तो टिकत नाही. आणला की आठवड्याभरात वापरायचा. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत राहतो. चाळीस खुर्च्यांना रोज दहा-बारा किलो कांदा लागतो, म्हणून अनेकांना वाटतं की मे महिन्यात पंधरा-वीस क्विंटल एकदम घेऊन टाकू. तसं करू नका. चाळीतला कांदा वजनात घटतो, सडतो, त्याला कोंब येतात. चार-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत नुकसान होऊ शकतं. शहरातल्या गोदामात, हवा खेळत नसेल तर, आणखी जास्त. निफाड किंवा चांदवडच्या शेतकऱ्याशी बोला, कांदा त्याच्याच चाळीत राहू द्या आणि आठवड्याला दोन गोण्या उचला. साठवणुकीचे म्हणून किलोमागे दोन-तीन रुपये जास्त द्या. तुम्हालाही ते स्वस्त पडतं.

आणि जे नाशकात होत नाही तेही तक्त्यात लिहा : खोबरं, मिरी, वेलची, चहा, मीठ, हिंग. ते बाहेरूनच येणार. त्यात लाज नाही, फक्त पाटीवर ‘शंभर टक्के स्थानिक’ लिहू नका. काळ्या मसाल्याचा दगडफूल-खोबऱ्याशिवाय विचारही करता येत नाही आणि काळ्या मसाल्याशिवाय नाशिकची मिसळ होत नाही.

२. माल देणारी माणसं जोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जागा सापडायला एक महिना लागतो, माणसं जोडायला एक हंगाम.

पहिली अडचण मापाची आहे. तुम्हाला दिवसाला आठ-दहा किलो टोमॅटो हवे असतात. पिंपळगाव बसवंत किंवा गिरणाऱ्याच्या बाजारात माल नेणारा शेतकरी क्रेटवर बोलतो आणि क्रेट असतं वीस किलोचं. त्याचं म्हणणं सरळ असतं : “ताई, तुमच्या अर्ध्या क्रेटसाठी मी गडी कुठून लावू?” बरोबरच आहे. एकरभर टोमॅटो लावणारा शेतकरी तुमच्यासाठी नाही, निदान सुरुवातीला नाही. तुम्हाला हवा तो पाच-सहा प्रकारचं थोडं थोडं लावणारा. असे लोक शहराच्या कडेला सापडतात : मखमलाबाद, मातोरी, मुंगसरे, आडगाव, ओढा या बाजूंना. यातले बरेच जण रोज सकाळी शहरात भाजी घेऊन येतातच. त्यांच्या फेरीत तुमचा थांबा जोडला गेला की वाहतुकीचा प्रश्न सुटतो, आणि तुमच्यासाठी वेगळी गाडीही पळत नाही.

दुसरी गोष्ट, बाजाराची मापं शिका. पालेभाजीचा भाव शेकड्याने, म्हणजे शंभर जुड्यांचा निघतो. वांगी, कारली, दोडका जाळीत येतात. मेथीची जुडी केवढी, याला कायदा नाही. सप्टेंबरची जुडी आणि डिसेंबरची जुडी यांत दुपटीचा फरक असू शकतो. म्हणून स्वयंपाकघरात आल्यावर सगळं किलोवर तोला आणि किलोतच लिहून ठेवा.

कायद्याची भीती काहींना असते. महाराष्ट्रात २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. शेतकऱ्याकडून बांधावर थेट खरेदी करायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. फक्त प्रत्येक खरेदीची पावती बनवा : शेतकऱ्याचं नाव, गाव, मालाचं वजन, दर, तारीख, सही. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. हिशेब तपासनीस वर्षअखेरीला हेच मागतो.

बांधावर गेलात की काय विचारायचं? “सेंद्रिय आहे का?” हा प्रश्न विचारू नका, उत्तर कायम ‘हो’ येतं. त्याऐवजी विचारा, शेवटची फवारणी कधी झाली, कशाची, आणि तोडणी कधी करणार. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत ते छापलेलं असतं. शेतकऱ्याला हे माहीत असतं, द्राक्षवाल्याला तर नक्कीच, कारण युरोपला जाणाऱ्या मालाची औषधांच्या अंशांसाठी तपासणी होते. म्हणूनच निर्यातीच्या बागेतला आकाराने मार खाल्लेला माल रेस्टॉरंटला सोन्यासारखा असतो. घडातून गळालेले मणी तर फारच स्वस्तात मिळतात. सरबत, चटणी, रायतं, कशालाही चालतात. मणी त्याच दिवशी वापरा किंवा रस काढून गोठवा, रात्रभर बाहेर ठेवलेत तर सकाळी आंबूस वास येतो.

रानभाज्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पावसाळा आला की प्रत्येकाला त्या मेनूवर हव्या असतात. करटोली, कुरडू, टाकळा, आंबाडी, भारंगी या तुलनेने सोप्या. पण शेवळं आणि लोत घशाला खाजतात. शेवळांना काकडं (रानातली आंबट फळं) किंवा चिंच, लोताला आंबट घालून नीट शिजवावं लागतं, आणि हे शहरातल्या आचाऱ्याला येत नाही. पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या बाया या भाज्या ओळखून खुडतात. एखादीला दिवसाचे पैसे देऊन स्वयंपाकघरात बोलवा आणि तुमच्या माणसांना शिकवायला सांगा. तीन नियम पाळा. ओळख पटली नाही ती भाजी घ्यायची नाही. रानातली अळिंबी कितीही चांगली दिसली तरी रेस्टॉरंटमध्ये नको. आणि कंद मुळासकट उपटून आणणाऱ्याकडून खरेदी बंद. पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवणार नाही.

दूध, तूप, लोणचं, पापड, मसाला हे ‘गावाकडचं’ म्हणून पिशवीत घेऊन येणारे खूप भेटतील. इथे सापळा आहे. प्रक्रिया केलेला पदार्थ विकणाऱ्याकडे, मग तो महिला बचत गट का असेना, अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. तपासणीत ते तुम्हालाच विचारतील. गटाकडे नसेल तर काढायला मदत करा. छोट्या नोंदणीचं शुल्क मामुली असतं आणि गटाला त्याचा पुढेही उपयोग होतो. मटण-चिकन परवानाधारक दुकानातूनच, बिलासह.

३. भाव कसा ठरवायचा

“बाजारभावाने घेऊ” असं म्हणालात तर पहिल्या तेजीला शेतकरी जाईल आणि पहिल्या मंदीला तुम्ही जाल. त्यापेक्षा किमान आणि कमाल दर बांधा.

उदाहरण म्हणून टोमॅटो घेऊ. समजा लिलावात क्रेटला ३०० रुपये, म्हणजे किलोला १५ निघाले. त्यातून गाडीभाडं, हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या हातात बारा-तेरा पडतात. तुम्हाला तोच टोमॅटो किरकोळ बाजारात तीसला मिळतो. तुम्ही वीस दिलेत तर दोघंही खूश. आता वर्षभरासाठी बोला : बाजार कितीही पडला तरी बाराच्या खाली देणार नाही, कितीही चढला तरी चाळीसच्या वर घेणार नाही, मधल्या काळात लिलावाच्या भावावर पाच रुपये. आकडे तुमचे तुम्ही बसवा, पण रचना ही ठेवा. रोजचे भाव पणन मंडळाच्या संकेतस्थळावर असतात, त्यामुळे वादाला जागा राहत नाही.

पैसे आठवड्याच्या आत. मोठी हॉटेलं दोन-दोन महिने उधारी ठेवतात आणि शेतकरी त्यांना मग दुय्यम माल देतो. वेळेवर पैसे देणाऱ्याला तेजीच्या दिवसांतही कोथिंबीर मिळते, हा माझा अनुभव आहे.

एकाच पिकासाठी एकाच माणसावर राहू नका. मार्चमध्ये गारपीट झाली की एका शिवारातली बाग जाते, शेजारच्या शिवारातली राहते. प्रत्येक मुख्य मालाला दोन गावं हवीत. तिसरा आधार बाजार समितीचा. तिथे जाणं म्हणजे तत्त्व सोडणं नव्हे, तो मालही बहुतेक याच जिल्ह्यातला असतो.

४. आता मेनू

मेनू दोन भागांत ठेवा. एक कायमचा, आठ-दहा पदार्थांचा, बारमाही मालावर : मिसळ, पिठलं, नागलीची आणि बाजरीची भाकरी, आमटी, भात, ठेचा, कांद्याचं काही, भगरीचं काही. दुसरा फळ्यावर खडूने लिहायचा, चार-पाच पदार्थांचा, आज काय आलं त्यावर. छापील मेनूत ‘मेथी मलई मटर’ एकदा घातलंत की मे महिन्यात फ्रोझन मटार आलाच.

भगरीकडे लक्ष द्या. घोटीकडे तांदळाच्या आणि भगरीच्या गिरण्या आहेत. लोक भगर फक्त उपासाला खातात. तुम्ही तिचा मसालेभात, उपमा, खीर करून बघा. नागलीला पाणी कमी लागतं, ती डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर येते, आणि तिची मागणी वाढली तर पेठ-सुरगाण्यातल्या कुटुंबाला थेट पैसे मिळतात. पर्यावरणाच्या नावाखाली महागडी बांबूची खुर्ची घेण्यापेक्षा नागलीची भाकरी जास्त विकणं मला पटतं.

अनलिमिटेड थाळी ठेवू नका. गिऱ्हाईक पैसे वसूल करायच्या मागे लागतं आणि ताटात अन्न उरतं. अर्धी थाळी आणि पूर्ण थाळी ठेवा, भात-भाजी दुसऱ्यांदा मागितली तर थोडी वाढा.

आचाऱ्याशी खटके उडतील, ते धरून चला. हॉटेलात तयार झालेल्या वस्तादाला लाल, पांढरी आणि पिवळी ग्रेव्ही येते. त्याच तीन ग्रेव्हींत तो चाळीस पदार्थ करतो. त्याला ‘आज गिलके आलेत’ म्हटलं की तो ‘कोण खाणार?’ म्हणतो. मग घरचं जेवण करणाऱ्या दोन बाया आधी ठेवा, वस्तादाला त्यांच्यासोबत ठेवा. भाकरी थापणारी चांगली बाई मिळाली तर तिला पगारात कधीही कमी करू नका. तिच्याशिवाय दुकान उघडत नाही.

५. कागदपत्रं

यात रंजक काही नाही, पण जागेचा करार करण्यापूर्वीच यादी हातात घ्या. कारण जागेचा मंजूर वापर निवासी निघाला तर पुढचं सगळं अडतं.

– जागेचा नोंदणीकृत भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र, घरपट्टी-पाणीपट्टीची पावती, मंजूर नकाशा
– अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर. उलाढालीनुसार दोन्हींपैकी काय लागतं ते अर्ज भरतानाच पोर्टलवर पाहा, मर्यादा बदलत असतात
– पाणी तपासणीचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचे वैद्यकीय दाखले
– महापालिकेच्या आरोग्य विभागाची परवानगी
– अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र. यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. दुसऱ्यांदा द्यायचं बरेच जण विसरतात
– दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी. कामगार कमी असतील तर फक्त सूचना पुरते
– जीएसटी, उद्यम (लघुउद्योग) नोंदणी, पॅन, चालू खातं
– महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे आसनसंख्या सांगून आधीच विचारून घ्या
– नाशिकची वाइन ठेवायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा वेगळा परवाना. द्राक्षाच्या गावात वाइन ठेवणं आकर्षक वाटतं, पण शाळा-मंदिरापासूनचं अंतर मोजून मगच जागा ठरवा

एजंट ‘सगळं मिळून’ एक आकडा सांगतो. प्रत्येक परवान्याचं सरकारी शुल्क वेगळं लिहून मागा. बरेचसे अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतात. लॉगिन आणि मोबाइल नंबर तुमचाच हवा. एजंटच्या नंबरवर नोंदणी झाली तर नूतनीकरणाच्या वेळी त्याच्या मागे फिरावं लागतं.

६. इंधन, पाणी, तेल

सौरऊर्जेचा विचार करायचा तर आधी गरम पाण्याचा करा. भांडी धुवायला दिवसभर गरम पाणी लागतं, आणि नाशकात पावसाळा सोडला तर ऊन भरपूर. छत तुमचं नसेल तर मालकाशी करारातच लिहून घ्या. वीज तयार करणारे पॅनल नंतर, पहिल्या वर्षाचं बिल बघून.

गॅस वाचवायचे उपाय साधेच : कडधान्यं रात्री भिजत घालणं, झाकण ठेवून शिजवणं, डाळ-भात कुकरमध्ये, शेगडीचे बर्नर महिन्याला साफ करणं. शहराच्या काही भागांत पाइप गॅस आला आहे, जागा निवडताना विचारा.

बायोगॅसच्या जाहिरातींना हुरळून जाऊ नका. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे साधारण ०.४५ किलो एलपीजी. दिवसाला पंचवीस किलो ओला कचरा टाकलात तर दोन-अडीच घनमीटर गॅस निघेल, म्हणजे किलोभर एलपीजी. १९ किलोचा एक सिलिंडर वाचायला अडीच-तीन आठवडे. कचरा जागेवर जिरतो हा खरा फायदा. गॅसच्या बचतीवर गुंतवणूक वसूल व्हायला बराच काळ लागतो.

मोरीला ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी) बसवा आणि तो दर आठवड्याला उपसा. बसवतात सगळे, उपसत कोणी नाही. शहरातली तेलकट पाण्याची चोरवाट नासर्डी आणि वाघाडी या नद्यांतून गोदावरीतच जाते. तुमच्या जागेचं सांडपाणी भुयारी गटारीला जोडलंय की पावसाळी गटारीला, हे प्लंबरला प्रत्यक्ष रंगीत पाणी सोडून दाखवायला सांगा. जुन्या इमारतींमध्ये दोन्ही एकत्र केलेली असतात.

टेबलावर पाणी अर्धा ग्लास भरून द्या, मागितलं तर पुन्हा. बाटलीबंद पाणी मेनूत ठेवायचं की नाही हा तुमचा निर्णय. फिल्टरचं पाणी आणि त्याचा तपासणी अहवाल भिंतीवर लावला की निम्मे लोक बाटली मागत नाहीत.

तळणीच्या तेलाला कायद्याची मर्यादा आहे. १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्यावर त्यात तयार होणारे घटक) २५ टक्क्यांवर गेली की तेल वापरायचं नाही. हे मोजायला छोटं मीटर मिळतं. ते परवडत नसेल तर तळणीचे पदार्थ दोनवर आणा. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदवही बंधनकारक आहे. कमी असलं तरी ठेवा. उरलेलं तेल बायोडिझेलसाठी नेणाऱ्या अधिकृत संकलकालाच द्या. जास्त भाव देऊन उचलणारा टपरीवाला ते पुन्हा कढईतच घालतो.

७. कचरा : तीन बादल्या आणि एक काटा

स्वयंपाकघरात तीन बादल्या ठेवा : सोलपटं-देठं, शिजवून उरलेलं, आणि ताटातलं उष्टं. रोज रात्री तिन्ही तोलून फळ्यावर लिहा. पहिली बादली जड असेल तर खरेदी किंवा चिरण्यात घोळ आहे, दुसरी जड तर अंदाज चुकतोय, तिसरी जड तर वाढप जास्त होतंय. तिन्हींचं औषध वेगळं.

सोलपटांचं आपल्या घरांत आधीपासून चालत आलेलं शास्त्र आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, फ्लॉवरच्या कोवळ्या पानांची भाजी, कोथिंबिरीची देठं वाटणात. फळ्यावर दोडक्याची भाजी असेल त्या दिवशी ताटात शिरांची चटणी हवीच. आमच्याकडे लोक भाजी ठेवून चटणी पुन्हा मागतात.

उरलेली सोलपटं भाजी आणणाऱ्या शेतकऱ्याच्या रिकाम्या क्रेटमधून गोठ्यावर परत जाऊ शकतात. अट एक, त्यात टूथपिक, रबरबँड, प्लास्टिक काही नको. गाईच्या पोटात गेलं तर तुमचा पुरवठादार तर जाईलच, वर गावभर बोभाटा होईल. बाकी ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीला द्या. दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा निघत असेल तर तुम्ही मोठ्या कचरा निर्मात्यांत मोडता आणि ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी तुमची होते.

८. पार्सल

जेवायला स्टील. पार्सलला उसाच्या चिपाडाचे डबे, कोरड्या पदार्थांना पळसाच्या पानांचे द्रोण. पेठकडच्या गटांकडून घेतले तर तेही स्थानिकच. पांढऱ्या चकचकीत ‘पेपर प्लेट’ आणि कागदी कप यांना आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ते घेऊन पर्यावरणाचं काही साधत नाही. राज्यातली प्लास्टिकबंदी मार्च २०१८ ची, केंद्राची एकल वापराच्या वस्तूंवरची जुलै २०२२ ची. पहिला दंड ५,००० रुपये, दुसरा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंगवासही होऊ शकतो. स्वतःचा डबा आणणाऱ्याला दहा रुपये कमी लावा. रस्सा पार्सल करायचा असेल तर गिऱ्हाइकाने आणलेल्या डब्याशिवाय दुसरा चांगला पर्याय मला अजून सापडलेला नाही. चिपाडाच्या डब्यातून नाशिकचा झणझणीत रस्सा तासाभरात झिरपतो.

९. पाटीवर काय लिहायचं

‘सेंद्रिय’ हा शब्द प्रमाणपत्राशिवाय वापरू नका. त्यासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं किंवा पीजीएस गटाचं प्रमाणपत्र शेतकऱ्याकडे हवं. पीजीएसमध्ये शेतकरीच गट करून एकमेकांची शेतं तपासतात, छोट्यांना ते परवडतं. प्रमाणपत्र नसेल तर फळ्यावर सरळ गाव लिहा : ‘वांगी, मातोरी’, ‘तांदूळ, घोटी’. शेतकऱ्याचं नाव लिहायचं असेल तर त्याला विचारून. आणि ज्या दिवशी मातोरीची वांगी आली नाहीत, त्या दिवशी ते पुसा. गिऱ्हाइकांत शेतकऱ्यांची मुलं असतात, त्यांना हंगाम तुमच्याहून जास्त कळतो.

१०. कधी उघडायचं

दिवाळीनंतर. माल स्वस्त, हवा चांगली, मुंबई-पुण्याचे पर्यटक द्राक्षबागा बघायला येत असतात आणि चुका पचतात. जूनमध्ये उघडू नका. पालेभाजी महाग, रस्ते खोदलेले आणि पाठोपाठ श्रावण. मांसाहारावर भिस्त असेल तर श्रावणात गल्ला अर्ध्यावर येतो. शाकाहारी जागेला मात्र तोच महिना चांगला, भगर-राजगिरा-शेंगदाण्याचे पदार्थ तयार ठेवा.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. भाडी त्याच्या नावावर आतापासून चढली आहेत. पंचवटी किंवा त्र्यंबक रोडला जागा घेत असाल तर भाडं सिंहस्थाच्या गर्दीवर नको, २०२९ च्या साध्या मंगळवारी किती ताटं जातील त्यावर ठरवा आणि करारात भाडेवाढीची टक्केवारी बांधून घ्या. पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात, भाजीची गाडी आत येत नाही. त्या दिवसांचा मेनू कोरड्या शिध्यावर बसवा : पिठलं, भाकरी, भगर, मटकी, चाळीतला कांदा.